पडदा

मंडईचे चार दिवस दुकान बंद होतं.
पाचव्या दिवशी आलो तर
कुलपाच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं.
ते काडीनं कोरलं, शटर वर ढकललं,
कॉम्प्युटरचं बटण दाबलं.
काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली,
अर्थ एवढाच, की
जिच्यावरून सुरू व्हावं अशी डिस्क मिळाली नाही.

लांजेवार मॅनेजर बाकावर.
परवा कढोलीत खेळ,
पोस्टर उद्याच्या बाजारात लागलं पाहिजे.
"होते ना गा?"
"होते," म्हणालो,
डॉक्टर म्हणतो तसं.

जुनी हार्ड डिस्क होती तेव्हा बरं होतं.
कान लावला की कुरकुर ऐकू यायची,
मरायला टेकली की टकटक करायची,
सांगून तरी जायची.
ही एसएसडी, पत्त्याच्या कॅटाहून पातळ,
सीताबर्डीहून आणलेली.
हिच्या आत काही फिरत नाही, हलत नाही.
जिवंत का मेली,
कानाला कळत नाही.

केबल काढली, फुंकली, लावली.
दुसऱ्या खाचेत लावली.
रॅम काढून पोरीच्या खोडरबरानं घासली.
रॅमचा काही गुन्हा नव्हता,
पण घासल्यानं माणसाला बरं वाटतं.
बटण तीस आकडे दाबून धरलं.
तीच ओळ.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला,
मामा, फॉरमॅट मारा.
तुझं काय जाते, म्हटलं.
अकरा हंगामांचे चेहरे आहेत तिच्यात.
खलनायकांच्या मिशा वेगळ्या फोल्डरात.
कुसुम टेंभुर्णे, आता काम करत नाही,
तिचा हसरा फोटो एकच निघाला होता,
तो इथंच.

मग डिस्क रुमालात गुंडाळून
समोर बन्सोड फोटोत नेली.
त्याच्या मशीनला जोडली,
दोन श्वासांत सगळं उघडं:
मिशा, महाल, विजा, कुसुम टेंभुर्णे.
म्हणजे ती होती.
तोंडाला रंग लावून विंगेत उभी होती,
तिला हाकच कोणी दिली नव्हती.

परत आलो. सुरू होताना एफ-टू दाबत राहिलो.
निळ्या पानावर तारीख दिसली:
एक जानेवारी दोन हजार चौदा,
रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं.
बाहेर दुपारचे साडेतीन, रस्त्यावर धानाचा ट्रॅक्टर.

तेव्हा डोक्यात शिरलं.
बोर्डावर रुपयाएवढा एक सेल असतो,
वीज नसली तरी तो आठवण धरून ठेवतो,
आज तारीख कोणती, आधी कोणाला बोलवायचं.
मी चार दिवस मेन स्विच पाडून गेलो,
तो संपला, आणि मशीन
आपल्या जन्मवर्षाच्या पहिल्या रात्रीत जाऊन बसलं,
जुन्या रीतीनं जुनी डिस्क शोधत.

सेल गावात मिळेना.
बन्सोड रुसून ज्याच्यावर आता चढत नाही
त्या काचेच्या वजनकाट्यातून काढला.
बसवला. तारीख भरली.
'लेगसी' होतं तिथं 'यूईएफआय' केलं,
डिस्कचं नाव उचलून पहिलं ठेवलं, जतन केलं.
पडदा काळाच.
लांजेवारचा तंबाखू मळता अंगठा थांबला.
मग पांढरे ठिपके गोल फिरू लागले.

"काहून बंद होता गा?"
सेल, बोर्ड, रीत,
सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो,
प्रॉम्प्टर झोपला होता.
ते त्याला लगेच पटलं.

दिवेलागणीला पोस्टर जुळवताना
सगळ्यात खाली, नऊ पॉइंटात, टाकलं:
प्रॉम्प्टर – रेवनाथ कापगते.
लांजेवार वाकून बघतो.
"त्याचा नाव कशाला?
तिथं जनरेटरवाल्याचा नंबर टाक."

मी आठ पॉइंट करतो.